बुद्धगयेची चंक्रमणशाला : इतिहास, जीर्णोद्धार आणि अन्वयार्थ

बुद्धगयेच्या महाबोधी महाविहारात पूर्वेकडून प्रवेश करणारा यात्रिक गर्भगृहातील बुद्धमूर्तीस वंदन करतो, दक्षिणेकडून प्रदक्षिणेस निघतो, पश्चिमेस बोधिवृक्षाखालील वज्रासनापाशी क्षणभर थांबतो आणि उत्तरेच्या बाजूने परततो. या परतीच्या वाटेवर, विहाराच्या उत्तर भिंतीला अगदी लगटून, पूर्व-पश्चिम पसरलेला एक लांबट, अरुंद चौथरा त्याला लागतो. चौथऱ्याच्या माथ्यावर दगडी कमळे आहेत. कमळांवर उपासक-उपासिका फुले वाहतात, कपाळ टेकवितात आणि पुढे जातात. चौथऱ्याच्या कडेने ओळीने मांडलेले दगडी तळखडे मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. ज्यांच्या नजरेत भरतात, त्यांतील बहुतेकांना ते दिवे किंवा फुलांची तबके ठेवण्यासाठी असावेत असे वाटते.

हे तळखडे खांबांचे आहेत. त्या खांबांवर एके काळी छप्पर होते. आज उघडा दिसणारा हा चौथरा मुळात आच्छादित चंक्रमणपथ होता. विनयपिटकाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ती ‘चंकमनसाला’ होती. चंक्रमण म्हणजे एका ठरावीक अंतरात सावधचित्ताने येरझारा घालणे. या वास्तूचा इतिहास, एकोणिसाव्या शतकात झालेला तिचा जीर्णोद्धार आणि आज तिला दिला जाणारा अर्थ यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : चौथरा वाचला, परंतु शाला हरवली. हरवले ते केवळ छप्पर नव्हे. वास्तूचे प्रयोजनच विस्मृतीत गेले.

विनयातील चंक्रमण

चंक्रमणाच्या अनुज्ञेची हकीकत चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खंधकात आली आहे. तिची पार्श्वभूमी मोठी उद्बोधक आहे. वैशालीत उपासकांकडून भिक्खूंना पाळीपाळीने उत्तमोत्तम भोजन मिळत होते. त्यामुळे भिक्खूंची शरीरे जड झाली आणि आजार वाढले. काही कामानिमित्त वैशालीत आलेल्या जीवक कोमारभच्च या वैद्याने हे पाहिले. तो तथागतांकडे गेला आणि भिक्खूंसाठी चंक्रमण व स्नानगृह यांची अनुज्ञा द्यावी, अशी त्याने विनंती केली. तथागतांनी ती मान्य केली. चंक्रमणाच्या वास्तूचा उगम असा एका वैद्याच्या सल्ल्यात आहे. त्यात कोणताही चमत्कार नाही, गूढविधी नाही.

यानंतरचा विनयातील मजकूर वाचताना एखाद्या कुशल गवंड्याची टिपणवही वाचत असल्याचा भास होतो. भिक्खू खडबडीत जमिनीवर चालू लागले, पाय दुखू लागले, म्हणून जमीन सपाट करण्याची अनुज्ञा मिळाली. पथ सखल होता, त्यावर पाणी चढू लागले, म्हणून जोते उंच करण्याची अनुज्ञा मिळाली. जोत्याचा भराव ढासळू लागला, तेव्हा विटा, दगड किंवा लाकूड यांनी कडा बांधून काढण्यास मुभा मिळाली. उंच जोत्यावर चढणे कठीण झाले, म्हणून पायऱ्या आल्या. पायऱ्यांवरून लोक पडू लागले, म्हणून हाताला आधार देणारा कठडा, म्हणजे ‘आलम्बनबाहा’, आला. चालता चालता भिक्खू जोत्यावरून खाली पडले, म्हणून ‘चंकमनवेदिका’ आली. शेवटी उघड्यावर चालणाऱ्या भिक्खूंना थंडी आणि ऊन यांचा त्रास होऊ लागला, तेव्हा तथागतांनी चंकमनसालेची, म्हणजे छप्पर असलेल्या चंक्रमणपथाची अनुज्ञा दिली. छपरातून गवताचा भुसा गळू लागला, म्हणून आतून-बाहेरून लिंपणे आले. पांढरा, काळा आणि गेरूचा रंग आला, वेलबुट्टी आली. चीवर टाकण्यासाठी बांबू आणि दोरीही आली.

या क्रमात एक तत्त्व आहे. प्रत्येक नियमामागे प्रत्यक्ष अडचण आहे. अडचण कळली की उपाय येतो आणि उपायातून नवी अडचण उद्भवली तर तीही ऐकून घेतली जाते. येथे कोणतीही वास्तू शुभ-अशुभाच्या कल्पनेवर उभी नाही. चालणाऱ्या माणसाचे पाय, पाठ आणि डोक्यावरचे ऊन यांवरून ती ठरली आहे. बुद्धाच्या धम्माचा विवेकनिष्ठ स्वभाव समजावून घेण्यासाठी आपण कालामसुत्ताकडे वळतो, ते योग्यच आहे. परंतु चुल्लवग्गातील हा रूक्ष वाटणारा भागही त्याच स्वभावाचा पुरावा आहे, याकडे आमच्या अभ्यासकांचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास सोसण्याची शक्ती येते, प्रयत्न करण्याची शक्ती येते, आरोग्य राहते, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी चार लाभ शरीराचे आहेत, एक चित्ताचा आहे. शरीर आणि चित्त यांच्यात येथे भांडण नाही. जातक-अट्ठकथेच्या निदानकथेत सुमेध तापसाच्या आश्रमाचे वर्णन करताना चंक्रमणपथाचे पाच दोषही दिले आहेत : जमीन कठीण व ओबडधोबड असणे, मध्ये झाड असणे, झाडोऱ्याने झाकलेले असणे, फार अरुंद असणे आणि फार रुंद असणे. अरुंद पथावर पायाला ठेच लागते, तर रुंद पथावर चित्त सैरावैरा धावते. तेथेच आदर्श मापही दिले आहे. लांबी साठ हात, रुंदी दीड हात आणि दोन्ही अंगांना एकेक हाताची उपवाट. हे माप पुढे उपयोगी पडणार आहे.

दगडांची साक्ष

चंक्रमणाच्या जागा फार प्राचीन काळापासून आदराने जपल्या गेल्या. भारहुतच्या शिल्पपटांपैकी एकावर ‘चकमो’ हा शब्द नामनिर्देश म्हणून कोरलेला आहे. सांचीच्या तोरणांवर तथागतांची मूर्ती न दाखविता केवळ एक लांब शिळापट्ट दाखवून त्यांच्या चंक्रमणाची सूचना दिलेली आहे. कुषाणकाळात, सम्राट कनिष्काच्या दुसऱ्या वर्षी, भिक्खुणी बुद्धमित्रा हिने कौशांबी येथे तथागतांच्या चंक्रमणस्थानी बोधिसत्त्वमूर्ती स्थापन केली. तिसऱ्या वर्षी भिक्खू बल याने सारनाथला तशीच मूर्ती स्थापन केली आणि त्या लेखातही स्थळ म्हणून भगवंतांचे चंक्रमणस्थानच सांगितले आहे. सारनाथच्या लेखात बुद्धमित्रेचा उल्लेख त्रिपिटक जाणणारी म्हणून येतो. एक स्त्री त्रिपिटकात पारंगत होते आणि बुद्ध जेथे चालले त्या जागेवर आपल्या नावाने मूर्ती उभी करते. हे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले वास्तव आहे, आणि ज्या समाजाने पुढे स्त्री-शूद्रांना अक्षर नाकारले त्याच्या इतिहासाशेजारी ठेवून ते वाचावयास हवे.

बुद्धगयेच्या चंक्रमणपथाचे मोजमाप सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महाबोधी’ या ग्रंथात नोंदविले आहे. विटांच्या या चौथऱ्याची लांबी ५३ फूट, रुंदी साडेतीन फूट आणि उंची तीन फुटांहून थोडी अधिक भरली. दोन्ही अंगांना अकरा-अकरा खांब, असे एकूण बावीस खांब छपराचा भार वाहत असत. तळखड्यांवर ब्राह्मी लिपीतील एकेक अक्षर कोरलेले आढळले. कोणता खांब कोठे बसवावयाचा, हे समजावे म्हणून कारागिरांनी केलेल्या या जुळणीच्या खुणा आहेत. त्या वर्णमालेच्या क्रमाने आहेत. दगड घडविणाऱ्या हातांना अक्षरओळख होती आणि वर्णमालेचा क्रम त्यांच्या रोजच्या कामाचे साधन झाला होता, एवढा मोठा निष्कर्ष या लहानशा खुणांतून निघतो. राजांचे लेख पुष्कळ उपलब्ध आहेत. श्रमिकांची अक्षरे फार थोडी उरली आहेत, आणि त्यांपैकी काही येथे चंक्रमणपथाच्या पायाशी आहेत.

काळाच्या प्रश्नात आपण सावध असले पाहिजे. कनिंगहॅम यांचा कल हे अवशेष अशोककालीन मानण्याकडे होता. पुढील अभ्यासकांनी लिपी आणि शिल्पशैली तपासून ते, कुरंगी आदी दानशूर स्त्रियांच्या नावांचे लेख असलेल्या दगडी वेदिकेबरोबर, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास आणले. आमच्या व्यासपीठांवर आणि पुस्तिकांत मात्र अजूनही ‘सम्राट अशोकाने बांधलेला चंक्रमणपथ’ असे सर्रास म्हटले जाते. अशोकाने संबोधीची यात्रा केली, हे त्याच्या आठव्या शिलालेखाने सिद्ध आहे. जे सिद्ध आहे ते आपणांस पुरेसे आहे. जे सिद्ध नाही ते त्याच्या नावावर चढविल्याने अशोक मोठा होत नाही, आपली बाजू मात्र दुबळी होते. बुद्धगयेवरील आपला हक्क इतिहासाच्या बळावर मांडावयाचा असेल, तर तो इतिहास निर्दोष असावयास हवा.

सातव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेल्या युआन च्वांग याने बोधिवृक्षाच्या उत्तरेस हे स्थान पाहिले. संबोधीनंतर सात दिवस आसनावर राहून तथागत उठले आणि त्यांनी सात दिवस पूर्व-पश्चिम, सुमारे दहा पावले अंतरात, चंक्रमण केले. त्यांच्या पाऊलखुणांतून अठरा फुले उमलली आणि नंतर लोकांनी त्या जागी तीनेक फूट उंचीचे विटांचे बांधकाम केले, असे तो सांगतो. चिनी पाऊल हे माप सुमारे पाच फुटांचे होते. दहा पावले म्हणजे पन्नास फूट. कनिंगहॅम यांनी मोजलेले ५३ फूट आणि तीन फुटांची उंची यांच्याशी हे वर्णन इतके जुळते की स्थाननिश्चितीविषयी शंकेला जागा राहत नाही. बुद्धगयेत सात आठवड्यांची म्हणून जी स्थाने आज दाखविली जातात, त्यांत हे स्थान सर्वांत भक्कम पुराव्यावर उभे आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की युआन च्वांग छपराचा उल्लेख करीत नाही. तो सहसा अशा तपशिलांत कंजूषी करीत नाही. त्याच्या काळापूर्वीच शाला नाहीशी होऊन केवळ चौथरा उरला असण्याची शक्यता त्यामुळे बळावते.

रत्नमय चंक्रमण : संहिता आणि अट्ठकथा

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळता येणार नाही. तिसऱ्या आठवड्यातील ‘रतनचंकम’ मूळ पालि संहितेत आहे काय? विनयपिटकाच्या महावग्गात संबोधीनंतरच्या काळाचे वर्णन आहे. त्यात बोधिवृक्ष, अजपाल न्यग्रोध, मुचलिंद आणि राजायतन या वृक्षांखाली घालविलेले सप्ताह येतात. चंक्रमणाचा सप्ताह येत नाही. तो येतो निदानकथेत. आज प्रचलित असलेले निदानकथेचे रूप इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराचे आहे. बुद्धवंसात रत्नमय चंक्रमणावर स्वतंत्र प्रकरण आहे, परंतु ते कपिलवस्तूच्या आकाशातील चंक्रमणाचे आहे. त्याचा बुद्धगयेशी संबंध जोडता येत नाही.

यावरून आमच्यातील काही विवेकवादी बांधव म्हणतात की ही सारी मागाहून रचलेली कथा आहे, तेव्हा या चौथऱ्याला महत्त्व देण्याचे कारण नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रत्नमय चंक्रमणाच्या कथेला स्थान दिलेले नाही, याकडेही ते बोट दाखवितात. त्यांचा पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

कालक्रम पाहा. अट्ठकथेचा लिखित मजकूर पाचव्या शतकाचा, परंतु चंक्रमणाची वास्तू इसवी सनपूर्व पहिल्या शतकाची. म्हणजे ग्रंथाच्या आधी पाचशे वर्षे दगड उभा आहे. तथागत येथे चालले, ही स्मृती अट्ठकथाकारांनी शून्यातून निर्माण केली नाही. बुद्धगयेच्या भूमीवर ती आधीच नांदत होती. तिला रत्नांचे अलंकार नंतर चढले. रत्ने काढून टाकावीत, परंतु त्यांच्याबरोबर चालणारी पावले पुसून टाकू नयेत. बाबासाहेबांनी अद्भुताला नकार दिला, तो बुद्धाचे मनुष्यत्व उजळून निघावे म्हणून. रात्रंदिवस बसून चिंतन केलेला मनुष्य उठतो आणि मोकळ्या जागेत येरझारा घालीत विचार करतो, याहून अधिक मनुष्योचित ते काय असू शकते?

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. साडेतीन फूट रुंदीचा, फुलांच्या खुणांनी पवित्र मानलेला हा चौथरा भिक्खूंनी रोज वापरण्यासाठी बांधला होता काय? आमच्या मते तो प्रथमपासून स्मारक असावा. परंतु त्या स्मारकाने रूप कोणाचे घेतले, हा खरा प्रश्न आहे. उंच जोते, विटांची बांधणी, खांब आणि वर छप्पर, ही चुल्लवग्गातील अनुज्ञांची जणू यादीच आहे. रुंदीही अट्ठकथेच्या मापाशी सुसंगत आहे. दीड हात म्हणजे सव्वादोन फूट आणि दोन्ही उपवाटा धरून साडेतीन हात, म्हणजे सव्वापाच फूट. बुद्धगयेचे माप या दोहोंच्या मध्ये पडते. ज्यांनी हे स्मारक उभारले, त्यांच्या डोळ्यांसमोर भिक्खुसंघाच्या नित्य वापरातील चंक्रमणशाला होती. बुद्धाचे स्मरण करताना त्यांनी सिंहासन किंवा राजवाडा उभा केला नाही. आजारी भिक्खूंसाठी एका वैद्याने मागून घेतलेली वास्तू त्यांनी उभी केली. या निवडीत जी जाण आहे, तीच आज हरवली आहे.

जीर्णोद्धाराने काय केले

मध्ययुगात ब्रह्मदेशाच्या राजांनी महाविहाराची अनेकदा दुरुस्ती केली. त्यानंतर शतकानुशतके तो उपेक्षित राहिला आणि परिसर शैव महंतांच्या ताब्यात गेला. १८७७ च्या आरंभी ब्रह्मदेशाचे राजे मिंदोन यांनी पाठविलेल्या मंडळींनी काम सुरू केले. श्रद्धा अपार होती, परंतु पुरातत्त्वाची दृष्टी नव्हती. जुने पाये आणि विटा हलविल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी बंगाल सरकारने राजेंद्रलाल मित्र यांना पाहणीसाठी पाठविले. त्यांचा ‘बुद्धगया’ हा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ब्रह्मी कामावर कठोर टीका केली आहे. पुढे १८८० मध्ये सरकारने काम आपल्या हाती घेतले आणि कनिंगहॅम यांच्या सल्ल्याने जे. डी. बेग्लर यांनी १८८४ पर्यंत ते पूर्ण केले.

या जीर्णोद्धाराचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तो झाला नसता, तर आज वंदन करावयास शिखर उरले नसते आणि चौथऱ्याचे मोजमापही उरले नसते. तथापि त्याची चिकित्सा करणे हे आपले कर्तव्य आहे. जीर्णोद्धारकांचे सारे लक्ष शिखराकडे होते. उत्खननात सापडलेल्या एका लहान दगडी प्रतिकृतीच्या आधारे त्यांनी शिखर, कोपऱ्यांतील लहान शिखरे आणि पूर्वेचा दर्शनी भाग पुन्हा उभा केला. भव्य ते आधी सावरले गेले, जे नम्र होते ते केवळ नोंदले गेले. चंक्रमणपथाच्या वाट्याला मापे आली, तळखडे जागेवर राहिले, परंतु ही वास्तू एक शाला होती, हे भेट देणाऱ्याला कळावे अशी कोणतीही योजना त्या कामात झाली नाही. ज्या महाविहाराच्या भिंतीला लगटून ती उभी आहे, त्या भिंतीच्या भव्यतेपुढे ती जणू एखादा कठडा वाटू लागली.

मग आता छप्पर पुन्हा उभारावे काय? काही उत्साही उपासक तशी मागणी करतात. आम्ही तिला विरोध करतो. खांबांची पूर्ण उंची, छपराचा उतार, त्याची घडण यांचा आधार हाती नसताना केलेली उभारणी ही आपली कल्पना ठरेल आणि येणाऱ्या पिढ्या तिलाच इतिहास समजतील. अनुमान जेथे सुरू होते तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, हे तत्त्व १९६४ च्या व्हेनिस सनदेने जगापुढे ठेवले. शिवाय हे स्थळ २००२ पासून जागतिक वारसा आहे. छप्पर नसणे हाही इतिहासाचाच भाग आहे. ते का नाही आणि ते असताना वास्तू काय होती, हे सांगणे मात्र आवश्यक आहे.

अन्वयार्थाचा दोष

आज यात्रिकाला येथे सांगितले जाते ते एवढेच : संबोधीनंतरचा तिसरा आठवडा, चंक्रमण, आणि कमळे म्हणजे भगवंतांच्या पावलांच्या जागा. इंग्रजीत या स्थानाला ‘क्लॉइस्टर वॉक’ हे नाव रूढ झाले आहे. क्लॉइस्टर ही ख्रिस्ती मठातील, चौकाभोवती चारही बाजूंनी फिरणारी ओसरी होय. तीही आच्छादित असते, म्हणून हा शब्द सुचला असावा. परंतु शब्द बदलला की वस्तूचा स्वभावही बदलतो. चंक्रमण गोल फिरत नाही. ते सरळ रेषेत जाते, टोकाशी थांबते, वळते आणि परत येते.

हा भेद किरकोळ नाही. प्रदक्षिणेला मध्यबिंदू लागतो. मध्ये काहीतरी पूज्य असते आणि आपण त्याच्या भोवती फिरतो. चंक्रमणाला मध्यबिंदू नसतो. तेथे पूज्य असे काही ठेवलेले नसते. असतात ती फक्त दोन टोके, त्यांच्यामधील जमीन आणि चालणाऱ्याचे स्वतःचे पाऊल. प्रदक्षिणेत भक्तीला वाव आहे, चंक्रमणात स्मृतीला, म्हणजे सतीला. आम्ही प्रदक्षिणेचा निषेध करीत नाही, कारण चैत्यवंदनाची परंपरा संघाचीच आहे. परंतु चंक्रमणाचे स्थानही प्रदक्षिणेच्या वाटेवरील एक पूजास्थान होऊन बसावे, याची खंत वाटते. जेथे चालावयास शिकावे, तेथे आपण फक्त फुले वाहतो.

अन्वयार्थाचा हा प्रश्न व्यवस्थापनाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. अनागारिक धर्मपाल १८९१ मध्ये बुद्धगयेस आले आणि त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापून आयुष्यभर लढा दिला. १९४९ च्या बोधगया मंदिर अधिनियमाने जी समिती निर्माण केली, तीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य आणि अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी, अशी रचना आहे. अध्यक्ष हिंदूच असावा ही अट २०१३ मधील दुरुस्तीने गेली, परंतु बौद्धांच्या सर्वश्रेष्ठ तीर्थाचे व्यवस्थापन पूर्णतः बौद्धांकडे आले नाही. १९९२ मध्ये नागपूरचे भदन्त सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातील हजारो उपासक-उपासिका बुद्धगयेस गेल्या. १२ फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तेथे भिक्खूंनी आंदोलन आरंभिले. ही मागणी न्याय्य आहे, यात आम्हांस तिळमात्र संदेह नाही.

परंतु स्वतःला एक प्रश्न विचारावा. उद्या व्यवस्थापन आपल्या हाती आले, तर या चौथऱ्यापाशी आपण काय सांगणार आहोत? रत्ने आणि कमळे, एवढेच? की वैशालीतील आजारी भिक्खू, जीवकाची विनंती, बुद्धमित्रेची विद्वत्ता आणि तळखड्यांवरील श्रमिकांची अक्षरे? ताबा मिळाल्याने अर्थ आपोआप मिळत नाही. तो अभ्यासानेच मिळवावा लागतो, आणि त्यासाठी कोणत्याही अधिनियमाच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

करावयाचे काय

बुद्धगयेपुरत्या आमच्या सूचना माफक आहेत. चौथऱ्याची मापे, खांबांची मूळ संख्या आणि विनयातील अनुज्ञांचा सारांश पालि, हिंदी आणि इंग्रजीत तेथे लावावा. तळखड्यांवरील अक्षरांचे ठसे व छायाचित्रे घेऊन ती प्रसिद्ध करावीत. तळखड्यांवर काही ठेवले जाऊ नये आणि तेल-पाण्याने दगड झिजू नये, याची काळजी घ्यावी. परिसरात अन्यत्र, मूळ अवशेषांना स्पर्श न करता, एक साधा आच्छादित चंक्रमणपथ बांधावा. त्यावर यात्रिकांनी प्रत्यक्ष चालावे.

अधिक महत्त्वाची सूचना आमच्या स्वतःच्या विहारांसंबंधी आहे. महाराष्ट्रातील गावोगावचे विहार श्रमिकांच्या वर्गणीतून, लहानशा भूखंडांवर उभे राहिले आहेत. त्यांत एक सभागृह असते, बुद्धमूर्ती असते, बाबासाहेबांची प्रतिमा असते आणि पुढे सतरंजी अंथरलेली असते. वंदना होते, भाषणे होतात, लग्ने लागतात. चालण्यासाठी मात्र एकही पथ नसतो. ध्यान म्हणजे डोळे मिटून बसणे, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली आहे. गुडघ्यांनी त्रस्त झालेल्या वृद्ध उपासिकेला मांडी घालता येत नाही, म्हणून ती मागे खुर्चीवर बसून राहते. मधुमेह आणि रक्तदाब यांनी आमच्या वस्त्यांत घरोघरी शिरकाव केला आहे. ज्या कारणासाठी जीवक तथागतांकडे गेला, नेमके तेच कारण आज आमच्या दारात उभे आहे.

विहाराच्या एका भिंतीच्या कडेने तीस-चाळीस फूट लांबीची सपाट जमीन, कमी-अधिक चार फूट रुंदी, दोन पायऱ्या, हाताला धरावयास कठडा आणि वर पत्र्याचे छप्पर, एवढ्यात चंकमनसाला तयार होते. संगमरवरी कमानीपेक्षा तिला कितीतरी कमी खर्च येईल. जेथे भूखंड अगदीच लहान आहे, तेथे गच्चीवर ती करता येईल. उन्हापावसापासून आडोसा असावा आणि चालणाऱ्याला ठेच लागू नये, एवढीच विनयाची अपेक्षा आहे.

बुद्धगयेच्या त्या चौथऱ्यावरचे छप्पर पुन्हा बांधणे आमच्या हाती नाही आणि ते बांधूही नये. परंतु ते छप्पर ज्यांच्यासाठी होते, ती चालणारी माणसे आम्ही आहोत. एखाद्या लहान गावातील विहारात संध्याकाळच्या वंदनेनंतर चार वृद्ध उपासिका पत्र्याच्या छपराखाली सावकाश, आपल्या पावलांचे भान ठेवून, येरझारा घालू लागतील, त्या दिवशी बुद्धगयेच्या चंक्रमणशालेचा जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने सुरू झाला, असे आम्ही मानू.